खाजनाचा बांध राखायचा कोणी? गोव्यातील एका गावाचे प्रकरण

प्रकरणाचा आवाका

गोव्यात मांडवी, जुवारी, कुंभारजुवे कालवा आणि इतर खाड्यांच्या काठाने सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतलेल्या या जमिनीला खाजन म्हणतात. इथे ज्या गावाचे प्रकरण मांडले आहे त्याचे नाव दिलेले नाही, आणि ते एकट्या एका गावाचेही नाही. तिसवाडी, बार्देस, सासष्टीतल्या खाजनगावांत जो घटनाक्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो एका गावाच्या चौकटीत बसवला आहे. त्यामुळे गावातले आकडे ढोबळ आहेत. कायदे, वर्षे आणि बांधाची रचना मात्र जशी आहे तशी.

गावाचे खाजन साधारण साठ हेक्टरांचे. पावसाळ्यातल्या एका उधाणात बांधाला खांड पडली आणि पुढे तीन वर्षे ती बुजली नाही. चिखल काठावर होता, काम जाणणारी म्हातारी माणसे गावात होती, मासळीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, दरवर्षी पैसेही येत होते. तरी बुजली नाही. नेमके काय तुटले होते, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी: बांध, मानस आणि पोंय

खाजन तीन गोष्टींवर उभे असते. खाडीकडचा बाहेरचा बांध चिखलाचा असतो, त्यात पेंढा कालवलेला असतो, आणि लाटा बसतात त्या अंगाला जांभ्या दगडाची चढण असते. त्याच्यापुढे खाडीत खारफुटीचा पट्टा राखतात, म्हणजे लाट बांधावर येण्याआधी मोडते. दुसरी गोष्ट मानस: बांधात बसवलेले जांभ्याचे तोंड आणि त्यात लाकडी झडपा. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. यंत्र नाही, वीज नाही. तिसरी पोंय, म्हणजे शेतांतून फिरून मानशीपाशी येणारा सखल पाण्याचा पट्टा. पावसाचे जादा पाणी पोंयीत उतरते आणि तिथून बाहेर जाते. मासळी राहते तीही पोंयीतच.

शेतात कोरगुट. खारेपणा सोसणारे हे भात हेक्टरी दीड-दोन टनांच्या पुढे सहसा जात नाही, पण जिथे दुसरे काही उगवत नाही तिथे ते उगवते. जूनच्या पहिल्या पावसांनी मातीतले मीठ धुऊन जायचे, ते पाणी ओहोटीला मानशीतून काढून टाकायचे, मग मोड आणलेले बी फेकायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणी. त्यानंतर शेत मोकळे, आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला पिशवीसारखे जाळे लावून सुंगटे, शेवटे, काळुंद्र, खेकडे धरायचे. हा मासळीचा हक्क पावणीला जातो.

भात आणि मासळी यांचे हित जमते ते एका मर्यादेपर्यंतच. पोंयीत खारे पाणी जितके जास्त, तितकी मासळी जास्त. तेच पाणी पोंय ओलांडून शेतात पसरले की पुढच्या हंगामाचे भात गेले. म्हणजे मानशीची झडप कोणाच्या हातात आहे, यावर साठ हेक्टरांचे नशीब ठरते.

जुनी व्यवस्था कशावर चालत होती

पोर्तुगीज येण्याआधीपासून हे काम गावकरीकडे, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या संस्थेकडे होते. १५२६ मध्ये अफोंसु मेशिया याने तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या रूढी लेखी नोंदवल्या. पुढे गावकरीचे नाव कोमुनिदाद झाले, आणि १९६१ च्या संहितेपर्यंत तिचे नियम छापील झाले. आजही गोव्यात २२३ कोमुनिदादी आहेत.

व्यवस्थेची किल्ली पैशाच्या क्रमात होती. शेते आणि मासळी यांची पावणी व्हायची. येणाऱ्या पैशातून आधी बांध, मानस, गावाचे नोकर, देवळाचा (धर्मांतरानंतर चर्चचा) खर्च भागायचा. उरले ते जोण म्हणून गावकऱ्यांत वाटले जायचे. बांध फुटला तर जोण बुडाली, त्यामुळे बांधाची काळजी घेण्यासाठी कोणाला उपदेश करावा लागत नसे. पावणीची बोली आणि बांधाचा खर्च एकाच वहीत, एकाच बैठकीत, एकाच लोकांसमोर मांडला जायचा.

याला रूढीचे बळही होते. बांधावर कुठे राखणदार देवाचा दगड, कुठे खुरीस (क्रूस). उंदराचे किंवा खेकड्याचे बीळ दिसले की बघणाऱ्याने तिथेच चिखलाचा गोळा दाबायचा, ही सवय होती. मे महिन्यात सगळ्यांनी मिळून डागडुजी करायची. बीळ मुठीएवढे असते तेव्हा पाच मिनिटांचे काम असते. दोन उधाणांनंतर तिथून ओहोळ वाहतो.

इथे गोव्याबाहेरच्या वाचकाने एका मोहापासून सावध राहावे. ही व्यवस्था समतेची नव्हती. जोण मिळायची ती गावकरी घराण्यांच्या पुरुषांना, वंशाने. कमरेएवढ्या चिखलात उतरून बांध घालणारे गावडे-कुणबी मजुरीवर होते आणि कुळांना पावणीत आवाज नव्हता. संस्कृतीने संस्था घडवली हे खरे, पण तीच संस्कृती संस्थेच्या नफ्यातून कोणाला बाहेर ठेवायचे तेही ठरवत होती.

रायगडच्या खारेपाटात शिलोत्री बांधांची रीत याच जातीची. तिथे बांध राखायची जबाबदारी शिलोत्रदाराकडे, आणि त्यासाठी बिघ्यामागे भाताचा ठराविक हिस्सा त्याला. संस्थेचे रूप वेगळे, पण बांधाचा खर्च पिकाच्या वाटणीआधी निघतो हे सूत्र तेच.

समस्या: कायद्याने जमीन दिली, वही दिली नाही

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक मानली गेली. न्यायाच्या दृष्टीने हे हवेच होते. पण कोमुनिदादीचा खाजनातला रस त्याच दिवशी संपला. जमीन गेली, खंड गेला, मग बांधावर खर्च कशाला? बांध, मानस यांची सामुदायिक जबाबदारी १९७५ च्या नियमांनुसार कुळांच्या संघाकडे आली. संघाची व्यवस्थापन समिती निवडायची, तिच्यावर मामलेदाराची देखरेख.

कागदावर संघ जुन्या भौसाचा, म्हणजे बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेचा, वारस होता. प्रत्यक्षात तीन गोष्टी वेगळ्या होत्या.

पहिली, सभासदांची. साठ हेक्टर दोनशेच्या आसपास नावांवर विभागलेले. दाखल्यावर अजून आजोबांचे नाव, नातू आखातात किंवा बोटीवर, शेत कसते ती घरातली सून किंवा दुसऱ्याच वाड्यावरचा कोणी. सभेला गणपूर्ती होत नाही. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला बांधाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला मत नाही.

दुसरी, हिशेबाची. पाव हेक्टरात ४०० ते ५०० किलो भात. २०२४-२५ च्या हमीभावाने, क्विंटलला २,३०० रुपये धरून, हे ९ ते साडेअकरा हजार रुपये होतात, आणि त्यातून बी, नांगरणी, कापणी वजा. शहरात महिनाभराच्या नोकरीत यापेक्षा जास्त मिळते. माणसे आळशी झाली, संस्कार सुटले, ही गावातली आवडती तक्रार इथे अपुरी पडते. भाताची किंमत घसरल्यावर सवयीची किंमतही घसरते.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. मासळीची पावणी संघ करू लागला, आणि ती बाहेरच्या ठेकेदाराला जाऊ लागली. त्याला कापणीशी देणेघेणे नाही. त्याच्याकडे मानस एक वर्षाची, तेवढ्यात बोलीची रक्कम वसूल करायची. त्याचा माणूस भरतीच्या वेळी झडप वर बांधून ठेवायचा. पाणी दोन्ही दिशांनी जोरात वाहू लागले की मानशीच्या उंबऱ्याखालची माती धुपते, जांभ्याचे चिरे सुटतात आणि झडप नीट बसेनाशी होते. इथेही तेच झाले. खांड मानशीपासून हाकेच्या अंतरावर, आधीच भिजून मऊ झालेल्या बांधात पडली. नदीतून जाणाऱ्या बार्जींच्या लाटांनी चढणीचे दगड आधीच ढिले केले होते. कोणी मुद्दाम फोडला का, यावर गावात दोन तट आहेत आणि ते सिद्ध होण्यासारखे नाही. पण खांड पडल्यावर ठेकेदाराची मासळी वाढली, एवढे सगळ्यांनी पाहिले.

पहिल्या वर्षी भात गेले. दुसऱ्या वर्षी काठच्या विहिरी मचूळ झाल्या. तिसऱ्या वर्षी बुडालेल्या शेतात खारफुटीची रोपे गुडघ्याएवढी झाली. हे शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर, कारण खारफुटी तोडायला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातल्या खाजनांना संरक्षण दिले, आणि खाजनातल्या खारफुटीलाही. दुर्लक्षाची तीन-चार वर्षे गेली की शेत परत मिळवण्याचा रस्ता कायद्यानेच अरुंद होतो.

पर्याय

सरकारची वाट पाहावी, असा पहिला सूर होता. कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडून संरक्षक बांधांची दुरुस्ती होते. अडचण वेळेची. पाहणी, अंदाजपत्रक, निविदा यात एखादा पावसाळा सहज जातो, आणि तोवर दहा मीटरची खांड वीस मीटरची होते. शिवाय सरकार बांध बांधते, बिळे बुजवत नाही.

सगळे खाजन मासळीला द्यावे, हा दुसरा सूर, आणि त्याला बाहेर राहणाऱ्यांचा पाठिंबा होता. घरबसल्या दरवर्षी काही रक्कम. याच्या विरोधात भात नव्हे, विहिरी उभ्या राहिल्या. पावणीचा पैसा दोनशे नावांत वाटला की घरटी जे हातात येते, त्यात पाण्याचे टँकर येत नाहीत.

कोमुनिदादीकडे परत जावे, असे काही वृद्ध गावकरी म्हणत. जमीन कुळांची झाल्यावर कायद्याने ते शक्य नाही, आणि गावड्यांच्या वाड्यावर हा प्रस्ताव कोणत्या कानांनी ऐकला जाईल हे सांगायला नको.

चौथा पर्याय होता संघच जिवंत करायचा, पण जुन्या व्यवस्थेतले एकच सूत्र उचलून: मासळीचा पैसा वाटणीआधी बांधाला. हाच निवडला गेला. याच सुमाराला कोणीतरी नेदरलँड्सचे उदाहरण आणले. तिथली जलमंडळे तेराव्या शतकापासूनची, आणि १९५० च्या सुमारास अडीच हजारांवर असलेली मंडळे आज २१ उरली आहेत. तरी कर बसवण्याचा अधिकार आणि मंडळाची निवडणूक त्यांनी सोडली नाही. संस्कृती बदलली, शेतकरी कमी झाले, तेव्हा त्यांनी कर शेतकऱ्यावरून बांधाआड राहणाऱ्या प्रत्येक घरावर नेला. गोव्यात ही उडी कोणी मारली नाही, आणि पुढे याची किंमत मोजावी लागली.

केलेली कामे

मामलेदाराकडे अर्ज करून समितीची निवडणूक मागितली. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब, दुसरी झाली. समितीत खाजनाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांचे लोक घेतले. खालच्या, पोंयीजवळच्या शेतांत पाणी आधी शिरते. वरचे लोक बहुमताने निर्णय घेऊ लागले तर खालच्यांची शेते सहज बळी जातात.

दुरुस्तीचा क्रम ठरवताना मोठा वाद झाला. बहुतेकांना आधी खांड बुजवायची होती, कारण ती डोळ्यांसमोर होती. दोघा म्हाताऱ्यांनी हट्टाने मानस आधी दुरुस्त करायला लावली. कारण साधे आहे. खांड बुजल्यावर आत कोंडलेल्या पाण्याला बाहेर जायला मानस हा एकच रस्ता उरतो. तो बंद असेल तर पाणी नव्या, ओल्या बांधालाच आतून ढकलते आणि काम आठवड्यात वाहून जाते. उंबरा जांभ्याने पुन्हा बसवला, झडपा नव्या केल्या, कडांना फट राहणार नाही असे लाकूड तासले.

खांड बुजवायला एप्रिलमधले भांगाचे दिवस निवडले. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. उधाणाला हाच फरक दोन मीटरच्या घरात जातो. दोन्ही बाजूंनी माडाचे खांब ठोकत आत यायचे, खांबांमध्ये बांबूचे तट्टे, त्यामागे मातीच्या गोणी, आणि मधले तोंड अरुंद होत जाईल तसा प्रवाहाचा जोर वाढणार हे धरून शेवटच्या तीन-चार मीटरांसाठी गोणी आधीच रचून ठेवायच्या. ते तोंड एकाच ओहोटीत बंद व्हायला हवे. पहिल्या खेपेला गोणी कमी पडल्या, चढत्या पाण्याने तळ उकरला आणि काम चार दिवस मागे गेले.

चिखल खाडीच्या अंगाने, बांधापासून लांबून घेतला. शेताच्या बाजूने, बांधाच्या पायथ्याशी खड्डा करून घेतला असता तर त्याच खड्ड्यात बांध पुढे घसरला असता. ताजा चिखल सुकताना बराच खाली बसतो, म्हणून माथा हव्या त्यापेक्षा चौथाईने उंच ठेवला.

पावणीच्या अटी नव्याने लिहिल्या, आणि या प्रकरणातला खरा निर्णय इथे झाला. पोंयीत एक खांब रोवून त्यावर पांढरी रेघ मारली. पाणी रेघेच्या वर गेले की ठेकेदाराची अनामत रक्कम कापायची. झडप बांधून ठेवलेली दिसली तरी कापायची. जून ते कापणी मासळीसाठी झडपेला हात लावायचा नाही. आणि बांधाची रोज फेरी मारणारा राखणदार संघाच्या पैशातून, ठेकेदाराच्या नव्हे. आधी हा माणूस ठेकेदारच ठेवत असे, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच पगारावर.

पावणीचा पैसा थेट बांधाच्या खात्यात जमा होईल आणि वर्षअखेरीस उरला तरच वाटला जाईल, असा ठराव झाला. बाहेर राहणाऱ्यांनी विरोध केला. तडजोड म्हणून फक्त पहिली दोन वर्षे काहीच वाटायचे नाही असे ठरले.

फलित

बांध टिकला. पहिल्या पावसाळ्यात फक्त वरच्या अंगाला कोरगुट पेरले. खालच्या शेतांतले मीठ एका पावसाळ्यात धुऊन जात नाही, आणि तिथे घाईने पेरणाऱ्या दोघांचे बी कुजले. तिसऱ्या वर्षी साठापैकी अर्ध्याहून थोडे अधिक क्षेत्र लागवडीत आले. विहिरींचे पाणी सुधारले, काठच्या दोन वगळता. खारफुटी जिथे माजली होती तो तुकडा तसाच राहिला. त्याला हात लावायचा नाही असे समितीने ठरवले आणि ते शहाणपणाचे होते, नाहीतर सगळे प्रकरण न्यायालयात अडकले असते.

पावणीची रक्कम मात्र घसरली. नव्या अटींवर बाहेरचे ठेकेदार फिरकले नाहीत, आणि गावातल्याच चौघांनी मिळून मानस घेतली, आधीच्यापेक्षा बऱ्याच कमी बोलीवर. संघातल्या काहींनी हे अपयश मानले. ते चुकीचे वाचन आहे. आधीच्या बोलीत बांधाची झीज मोजलेली नव्हती. ती धरली तर जुनी मोठी रक्कम तोट्याची होती. पण निधी लहान झाला हेही खरे, आणि दुसऱ्या वर्षी राखणदाराचा पगार तीन महिने थकला. त्या तीन महिन्यांत फेऱ्या बंद झाल्या आणि एका बिळाचा ओहोळ झाला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

खांड पडली त्या आठवड्यात समिती अस्तित्वात नव्हती. पंचायतीने तातडीच्या गोणी आणि मजुरी आगाऊ देऊन नंतर संघाकडून वसूल केली असती तर खर्च कितीतरी कमी झाला असता. पंचायतीला हे सुचले नाही, कारण खाजन हा कुळांचा विषय असे सगळे धरून चालले होते. विहिरी मचूळ झाल्यावरच तो गावाचा विषय झाला.

प्रत्यक्ष कसणाऱ्यांना मत नसले तरी सभेत बसायचा हक्क ठरावाने देता आला असता. दिला नाही. त्यामुळे बिळे रोज ज्यांच्या नजरेस पडतात त्या बायका समितीच्या कानापर्यंत पोचत नव्हत्या. गावडेवाड्यावरच्या एका बाईने ओहोळ आठवडाभर आधी पाहिला होता. सांगायचे कोणाला, हे तिला माहीत नव्हते.

पहिल्या दोन वर्षांची वाटणी थांबवण्याची तडजोड लवचीक दिसली, पण तिसऱ्या वर्षी काय, हे लिहून न ठेवल्याने वाद नुसता पुढे ढकलला गेला. त्याऐवजी राखणदाराचा वर्षभराचा पगार आणि पुढच्या मे महिन्याची डागडुजी एवढी रक्कम कायम शिल्लक राहील, त्यावरची वाटावी, असा नियम पहिल्याच सभेत करायला हवा होता.

आणि सर्वांत मोठी राहिलेली गोष्ट विहिरींची. बांधाआड शंभरावर घरे आहेत. त्यांतली बहुतेक शेती करत नाहीत, पण गोडे पाणी बांधामुळे पितात. त्यांच्याकडून वर्षाला घरटी छोटी रक्कम घेतली असती तर राखणदाराचा पगार पावणीच्या चढउतारावर टांगला गेला नसता. संघाला बिगरसभासदांकडून पैसे मागण्याचा अधिकार नाही, पंचायतीने विषयपत्रिकेवर घेतला नाही, आणि सध्या चार घरे स्वेच्छेने देतात. समितीने पुढच्या ग्रामसभेसाठी दोन कलमी प्रस्ताव तयार केला आहे: बांधासाठी घरटी वार्षिक वर्गणी, आणि समितीच्या बैठकीत पंचायतीचा एक सदस्य, मताशिवाय.